बाळाच्या तोंडी लागणारे लाकूड : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

लहान मुलांच्या लाकडी सामानाचा अभ्यास तोंडापासून सुरू करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पाच-सहा महिन्यांचे मूल हाताला लागेल ते तोंडात घालते. हिरड्या शिवशिवू लागल्या की पाळण्याचा कठडा, पांगुळगाड्याची मूठ, खाटेचा वरचा दांडा, जिथे ओठ पोचतील तिथे ते चावा घेते. मोठ्या माणसाची खुर्ची कोणी चाटत नाही. त्यामुळे खुर्ची करणाऱ्या सुताराला जे प्रश्न कधी पडत नाहीत, ते पाळणा करणाऱ्याला विचारावेच लागतात. या लाकडावरून लाळेत काय उतरते? किती उतरते? आणि किती दिवस उतरत राहते?

एवढ्या तीन प्रश्नांभोवती एक मोठे अभ्यासक्षेत्र उभे आहे. त्यात वनस्पतिशास्त्र आहे, रंगांचे रसायन आहे, विषशास्त्र आणि बालरोगशास्त्र आहे, थोडा कायदा आहे आणि भरपूर सुतारकाम आहे. यातला कोणताही एक माणूस सगळे जाणत नाही. सुताराला लाकूड कळते पण डब्यातल्या रंगाची घटकद्रव्ये कळत नाहीत. रसायनशास्त्रज्ञाला घटकद्रव्ये कळतात पण श्रावणातल्या दमट हवेत चपडीचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, हात का पांढरा पडतो ते ठाऊक नसते. आणि आईबापांना बाळ नेमके कुठे चावते हे इतर कोणाहीपेक्षा चांगले माहीत असते. म्हणून ही प्रस्तावना कोणा एका वाचकासाठी लिहिलेली नाही. नातवासाठी स्वतःच्या हातांनी पाळणा करू पाहणारे आजोबा, लाकूडविज्ञान शिकणारी विद्यार्थिनी, गावातला कातारी, पहिल्या बाळाची वाट पाहणारे घर, या सगळ्यांना या विषयात आत यायला दार मोकळे आहे. रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. नीट पाहण्याची आणि नीट विचारण्याची तयारी लागते.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण पुढचे सारे विवेचन तिच्यावर उभे आहे. ‘बाळासाठी कोणते लाकूड चांगले?’ हा प्रश्न लोक हमखास विचारतात. त्या लाकडावर काय लावले, ते कधी लावले आणि त्याखाली आधी काय लावलेले होते, हे क्वचितच विचारतात. धोक्याचा मोठा वाटा मात्र या न विचारलेल्या प्रश्नांत असतो. लाकूड स्वतः बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. त्याच्यावरचा थर तसा असेलच असे नाही.

हे वैद्यकाला फार मोठी किंमत मोजून कळले. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड प्रांतात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुलांमध्ये शिशाच्या विषबाधेचे रुग्ण दिसू लागले. शिसे येते कुठून, ते कोणाला उमगेना. ब्रिस्बेनचे नेत्रवैद्य जॉन लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ साली बोट दाखवले ते घरांच्या रंगवलेल्या भिंतींकडे आणि लाकडी कठड्यांकडे. तिथल्या कडक उन्हाने व्हरांड्याच्या कठड्यांवरचा रंग भुकटीसारखा सुटत होता. मुले कठड्याला धरून खेळत, भुकटी हाताला लागे, आणि हात तोंडात जात. ज्यांना नखे खाण्याची किंवा बोटे चोखण्याची सवय, त्यांना बाधा अधिक. आपल्याकडचे उन्हही असेच कडक आहे, म्हणून हे उदाहरण मला नेहमी जवळचे वाटते.

दहा वर्षांनी, १९१४ साली, अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या हेन्री थॉमस आणि केनेथ ब्लॅकफॅन या डॉक्टरांनी पाच वर्षांच्या एका मुलाची हकीगत प्रसिद्ध केली. मेंदूच्या आवरणाला सूज आल्यासारखी लक्षणे, पुन्हा पुन्हा येणारी, आणि शेवटी मृत्यू. शोध घेता घेता कारण सापडले ते त्याच्या झोपण्याच्या खाटेत. कठड्याचा पांढरा रंग त्याने चावून खाल्ला होता, आणि तो रंग शिशाच्या सफेत्याचा होता. या विषयाच्या कोणत्याही वर्गात मी पहिल्या दिवशी ही हकीगत सांगेन. त्या खाटेच्या लाकडात काहीच दोष नव्हता. सांधे पक्के असतील, कडा गोल असतील, सुताराने आपले काम चोख केले असेल. त्या मुलाचा जीव घेतला तो शेवटच्या हाताने.

पुढचा इतिहास संथ आहे. १९२१ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सफेत्याविषयी करार केला, तो रंगाऱ्यांच्या संरक्षणासाठी. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी यायला १९७८ साल उजाडले. भारताने २०१६ साली नियम केले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे एका किलो रंगात ९० मिलिग्रॅम, अशी ठरली. ब्रिस्बेनच्या त्या निदानापासून आपल्या नियमापर्यंत एकशे तेरा वर्षे गेली. कायद्याची वाट पाहणाऱ्या कारागिराने हा आकडा लक्षात ठेवावा.

आता हे आपल्या घरात आणून पाहू. मराठी घरांत पाळणा सहसा फिरता असतो. आत्याच्या मुलासाठी केलेला मावशीकडे जातो, तिथून चुलत बहिणीकडे, मग पुन्हा माळ्यावर. बारसे ठरले की तो खाली उतरतो, पुसला जातो आणि त्याच्यावर रंगाचा एक नवा हात बसतो. ही फार चांगली रीत आहे. वस्तू टिकते, घराण्याची आठवण टिकते. पण अशा पाळण्यावर रंगाचे चार-पाच थर असतात आणि खालचे थर २०१७ च्या आधीचे असतात. त्यातही पिवळा, नारिंगी, लाल आणि हिरवा रंग अधिक संशयास्पद, कारण शिशाचे क्रोमेट हे पिवळ्या-नारिंगी छटांचे जुने, स्वस्त आणि टिकाऊ रंगद्रव्य होते, आणि त्यात निळा मिसळून हिरवा केला जाई. वरचा थर नवा आणि निर्धोक असला तरी बाळाचे दात वरच्या थरापाशी थांबत नाहीत. चावलेला कठडा उजेडात तिरका धरून पाहा. दातांच्या खाचेत कडेने थर दिसतात, वरचा पांढरा, त्याखाली आकाशी, त्याखाली पिवळा.

थोडे गणित करू. समजा जुन्या रंगात एक टक्का शिसे आहे. पूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये एवढे असणे मुळीच अशक्य नव्हते. दहा मिलिग्रॅम वजनाची खपली, साधारण करंगळीच्या नखाएवढी, बाळाच्या पोटात गेली तर तिच्यातून १०० मायक्रोग्रॅम शिसे गेले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मुलांच्या आहारातल्या शिशासाठी धरलेली संदर्भमर्यादा दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम आहे. एका खपलीत तिच्या चाळीसपटींहून अधिक शिसे भरते. शिवाय पोटात गेलेल्या शिशापैकी जितका वाटा मोठ्या माणसाच्या रक्तात उतरतो, त्याच्या चार-पाचपट लहान मुलांच्या रक्तात उतरतो. जागतिक आरोग्य संघटना तर सांगते की शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही.

अशा पाळण्याला पॉलिश पेपर मारून तो ‘साफ’ करायला जाऊ नये. खपलीपेक्षा धूळ वाईट. ती घरभर पसरते, चादरीत बसते, आणि बाळ जमिनीवर रांगू लागले की हाताला लागते. पाळण्याचे वय आणि रंग कळत नसेल तर प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. ती शक्य नसेल तर असा पाळणा देवघराजवळ फुले ठेवायला वापरा, बारशाच्या फोटोपुरता सजवा, पण बाळाला रोज त्यात निजवू नका. हे सांगताना मला वाईट वाटते, कारण त्या वस्तूंवर माझाही जीव आहे.

इथे एक समजूत आड येते, आणि ती प्रेमळ असल्यामुळे सहजी सुटत नाही. जुने ते निर्धोक, नैसर्गिक ते निर्धोक, कारखान्यातले तेवढे वाईट. आपल्या परंपरेतल्या रंगांची पेटी उघडून पाहा. शेंदूर हे शिशाचे ऑक्साईड. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे सल्फाईड. हरताळ म्हणजे आर्सेनिकचे. तिन्ही खनिजांतून येतात, तिन्ही शेकडो वर्षे चित्रांत आणि लाकडी कामात वापरले गेले, तिन्हींची झळाळी अजोड आहे. बाळाच्या वस्तूवर तिन्हींना जागा नाही. उलट हळद, नीळ, कात हेही तितकेच जुने, आणि त्यांच्याविषयी अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. वयावरून किंवा जन्मस्थानावरून पदार्थाचा स्वभाव ठरत नाही. प्रत्येकाची चौकशी वेगळी करावी लागते, आणि या विषयातला आनंदही मला त्या चौकशीतच सापडला.

त्या आनंदाचे सगळ्यात देखणे उदाहरण कर्नाटकात, बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरच्या चन्नपट्टणात आहे. तिथली खेळणी ज्या लाकडाची होतात ते झाड आपल्याकडे काळा कुडा म्हणून ओळखले जाते. लाकूड पांढरट, घट्ट, बारीक रवाळ; कातायला गुळगुळीत. चरकावर तुकडा फिरू लागला की कातारी पटाशीने त्याला आकार देतो आणि मग रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरतो. घर्षणाने उष्णता होते, लाख वितळते आणि लाकडावर पातळ थराने पसरते. ती एकसारखी करण्यासाठी शेवटी केवड्याच्या जातीचे वाळलेले पान त्यावर दाबतात. क्षणभरात थर आरशासारखा चमकू लागतो. चरक थांबतो आणि वस्तू तयार असते.

हे दृश्य रसायनाच्या नजरेने पुन्हा पाहा. डब्यात विरघळवलेले काही नाही. उडून जायला थिनर नाही, स्पिरिट नाही. सुकण्याची वाट पाहायची नाही, कारण इथे काही सुकतच नाही. वितळलेली लाख नुसती थंड होते. बाळाच्या वस्तूसाठी याहून स्वच्छ लेप कल्पिणे अवघड आहे, मात्र एका अटीवर. कांडीत मिसळलेला रंग कोणता, हे माहीत हवे. लाख कितीही शुद्ध असली तरी तिच्यात कोंडलेले रंगद्रव्य विषारी असेल तर दात ते मोकळे करतात. पारंपरिक पद्धतीला आणखी एक मर्यादा आहे. ती फक्त कातीव, गोल वस्तूंना लागू पडते. पाळण्याचे दांडे, खुळखुळे, पांगुळगाड्याची चाके आणि मुठी अशा करता येतील. कठड्याच्या फळीला मात्र दुसरा उपाय शोधावा लागतो.

आपल्या सावंतवाडीच्या चितार आळीची गोष्ट वेगळी. तिथली लाकडी फळे-भाज्या आणि गंजिफा प्रसिद्ध आहेत. पांगाऱ्यासारखे हलके, मऊ लाकूड आणि हाताने दिलेला रंग, असे ते काम आहे. लाकूड मऊ असेल तर दात लवकर रुततात आणि रंगाचा थर आधी फुटतो, म्हणून तिथे रंगाची निवड चन्नपट्टणाहूनही अधिक काटेकोर हवी. शोभेची फळे आणि रांगत्या मुलाच्या हाती द्यायची फळे यांना वेगळा रंग लावावा, एवढी साधी सूचना मी कारागिरांना करेन.

लाख फळीवर लावायची तर ती विरघळवावी लागते. पॉलिशवाले चपडी स्पिरिटमध्ये भिजत घालतात, गाळतात आणि कापसाच्या बोळ्याने हातावर हात देतात. चपडी हीच लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या किड्याने तयार केलेली. गोळ्या-औषधांवर आणि मिठाईवर चमक आणायला तीच वापरतात. खाद्यपदार्थांत तिचा ई ९०४ हा क्रमांक आहे. तिच्यावर रांचीजवळ नामकुम इथे १९२४ पासून संशोधन चालू आहे. बाळाच्या पाळण्यासाठी माझी पहिली पसंती तिलाच, पण तिचे स्वभाव माहीत करून घ्या. स्पिरिट पूर्ण उडून जाईपर्यंत खोली उघडी ठेवावी लागते, कारण त्यात विषारी मिथेनॉल असू शकते. भिजवून बरेच महिने ठेवलेली चपडी लाकडावर नीट वाळत नाही, चिकट राहते. म्हणून लागेल तेवढीच भिजवावी. पावसाळ्यात दिलेला हात दमट हवेने पांढरा पडतो. आणि पाळणा सॅनिटायझरने पुसला तर चपडी त्यातल्या अल्कोहोलमध्ये विरघळते, हे करोनानंतरच्या घरांना सांगायलाच हवे. ओल्या कपड्याने पुसून लगेच कोरडा करावा, एवढे पुरते. पॉलिशमध्ये चंद्रस किंवा तयार रंग मिसळणार असाल तर त्याचे नाव आणि डब्यावरचा मजकूर आधी वाचा.

आता लाकडाकडे वळू. भारतीय लाकडांविषयीची जुनी ग्रंथसंपदा समृद्ध आहे. गॅम्बलचा भारतीय लाकडांवरचा ग्रंथ १८८१ चा, टॅलबटचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, पिअरसन आणि ब्राऊन यांचे दोन खंड १९३२ चे. यांत वजन, रवा, टिकाऊपणा, वाळवी लागते की नाही, सारे मिळते. बाळ चावले तर काय, हे मिळत नाही. त्या काळी तो प्रश्न कोणाला सुचलाच नव्हता, त्यामुळे आजच्या अभ्यासकाला जुन्या माहितीची नव्या क्रमाने मांडणी करावी लागते.

मांडणी करताना एक फरक ध्यानात असू द्या. विषारी लाकडांच्या ज्या याद्या हातोहात फिरतात, त्या बहुतेक सुताराच्या व्याधींवरून तयार झालेल्या आहेत. सागवानात आणि शिसवात क्विनोन जातीची द्रव्ये असतात. त्यांच्या भुशाने काही कारागिरांच्या अंगावर पुरळ उठते, एकदा अंगाला बाधले की पुढे थोड्या भुशानेही त्रास होतो. लाकडाच्या धुळीने नाकाच्या पोकळीत कर्करोग होऊ शकतो, म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली ती मानवाला कर्करोगकारक ठरवली. हे सारे खरे आहे आणि सुताराने तोंडाला मास्क बांधलाच पाहिजे. पण श्वासात जाणारी बारीक धूळ वेगळी आणि घासून, लेप देऊन बंद केलेली फळी वेगळी. सागाच्या पाळण्यात पिढ्यान् पिढ्या मुले वाढली आहेत, आणि साग नाकारण्याचे मला कारण दिसत नाही. तो मुरलेला असावा आणि त्यावर थर असावा, एवढेच. साग थोडा तेलकट असल्यामुळे तेलाचे लेप त्यावर सावकाश वाळतात, हे मात्र लक्षात ठेवावे.

माझ्या पसंतीची लाकडे दोन-तीनच. शिवण, कारण ती हलकी असते आणि हवामान बदलले तरी फारशी वाकत नाही. पाळणा टांगायचा असतो, तेव्हा वजनाला महत्त्व आहे. हेद, कारण त्याचा रवा इतका घट्ट की दुधाचे डाग आणि मळ छिद्रांत शिरत नाहीत. आणि कोकणातला फणस, पिवळा, वाळवीला सहसा दाद न देणारा, वर्षे जातील तसा तपकिरी होणारा. आंब्याचे लाकूड स्वस्त आणि मुबलक आहे, पण त्याला भुंगेरा लवकर लागतो. लाकूड ओले असेल तर पुढे ते तडकते, तडकले की कुसळ निघते, आणि बाळाच्या ओठात गेलेले कुसळ कोणत्याही रसायनापेक्षा लवकर रडवते. म्हणून घासून झाल्यावर फळी ओल्या फडक्याने पुसावी, वाळू द्यावी, उभे राहिलेले तंतू पुन्हा बारीक पेपरने घासावेत, आणि मगच लेप द्यावा.

जुन्या वाड्याच्या उतरवलेल्या सागाला आज मोठी मागणी आहे. लाकूड म्हणून ते उत्तम, पूर्ण मुरलेले. पण दारे-खिडक्यांवरच्या जुन्या रंगाविषयी वर सांगितले तेच सारे इथे लागू होते. मालवाहतुकीच्या पॅलेटवर ‘एमबी’ असा शिक्का असेल तर ते लाकूड मिथाइल ब्रोमाईडने धुरावलेले असते. ‘एचटी’ म्हणजे नुसते तापवलेले. रेल्वेच्या जुन्या स्लीपरांत क्रिओसोट मुरलेले असू शकते. स्लीपरचे लाकूड पाळण्यासाठी घेऊच नये.

तेलाचे लेप हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे, इथे मुख्य भेद तेवढा सांगतो. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि त्याचा थर बनतो. खोबरेल आणि शेंगदाण्याचे तेल तसे होत नाही. ते लाकडात तसेच राहते, खवट होते, धूळ धरते. म्हणून ‘घरचे शुद्ध तेल’ लावणे हा उपाय वाटला तरी लेप नव्हे. जवसाचे कच्चे तेल वाळायला आठवडे घेते. बाजारातल्या ‘बॉइल्ड’ तेलात ते लवकर वाळावे म्हणून कोबाल्ट किंवा मँगनीजचे क्षार घालतात, आणि एके काळी शिशाचेही घालत. घेताना डबा वाचा. कोकणात पावसाळाभर जवसाच्या तेलावर बुरशी धरते, त्यामुळे तिथे मी मधमाश्यांच्या मेणाचा एक हात वरून देईन. आणि तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्यांत उष्णता साठते आणि ती आपोआप पेट घेतात. ती दोरीवर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

शहरातल्या सुताराकडे गेलात तर तो यांपैकी काहीच सुचवणार नाही. तो मेलामाईन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सुचवेल, कारण दोन दिवसांत काम होते आणि चकाकी दिसते. मेलामाईन पॉलिश अम्लाच्या साह्याने घट्ट होते आणि घट्ट होताना फॉर्मल्डिहाइड सोडते. २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले. दोन डब्यांच्या पीयूमध्ये आयसोसायनेट असते. फवारताना ते कारागिराच्या फुप्फुसांना घातक, पण पूर्ण घट्ट झाल्यावर थर बराच निष्क्रिय होतो. इथे ‘सुकणे’ आणि ‘पूर्ण घट्ट होणे’ या दोन अवस्था वेगळ्या धरल्या पाहिजेत. बोटाला चिकटत नाही म्हणजे थर सुकला. आतली रासायनिक क्रिया पुढे काही आठवडे चालू असते. निदान महिनाभर वस्तू उघड्या, हवेशीर जागी ठेवावी, आणि जवळून नाक लावले तर काही वास येतो का ते पाहावे. डिलिव्हरीच्या आदल्या आठवड्यात पॉलिश झालेला पाळणा बारशाला आणू नये. सातव्या महिन्यातच काम उरकून टाकावे.

प्लायवूडविषयी एकच सूचना. त्याचा डिंक पाहून घ्या. स्वस्त एमआर दर्जाच्या प्लायमध्ये बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइड असते आणि ते खोलीत वायू सोडत राहते. बाहेरच्या वापरासाठीचे बीडब्ल्यूपी प्लाय फिनॉल-फॉर्मल्डिहाइडने चिकटवलेले असते, नाव तेवढेच भयंकर, पण वायू फार कमी सोडते. कापलेल्या कडा मात्र दोन्हींच्या बंद कराव्यात.

मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. सुतार फर्निचर जागेवर बसवताना मागच्या बाजूला ‘वाळवीचे औषध’ मारतो. ते विचारून मारले जात नाही आणि मारल्याचे सांगितलेही जात नाही; ते कामाचाच भाग समजले जाते. त्या औषधात बहुधा क्लोरपायरिफॉस असते, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर होणाऱ्या परिणामांच्या चिंतेने युरोपीय संघाने २०२० साली त्याची मान्यता संपवली. मूल झोपते त्या खोलीत ते नको. टिकाऊ जातीचे लाकूड, जमिनीपासून वर उचललेले पाय आणि कोरडी भिंत यांनी वाळवीचे बरेचसे काम भागते.

आता कायदा. २०२० साली आपल्याकडे खेळण्यांसाठी गुणवत्ता आदेश निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएस ९८७३ हे मानक पाळणे बंधनकारक झाले. या मानकाच्या एका भागात सुंदर चाचणी आहे. रंग खरवडून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात, ३७ अंश सेल्सिअसला, दोन तास ठेवतात. म्हणजे काचेच्या भांड्यात मुलाचे पोट उभे करतात. मग त्या द्रवात शिसे, आर्सेनिक, कॅडमियम, पारा, क्रोमियम, अँटिमनी, बेरियम, सेलेनियम किती उतरले ते मोजतात. या प्रस्तावनेच्या आरंभीचा ‘किती उतरते’ हा प्रश्न प्रयोगशाळेत असा सुटतो. पण पाळणा हे खेळणे नव्हे, त्यामुळे तो या आदेशात बसत नाही. शिवाय नोंदणीकृत हस्तकारागिरांना आणि भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांना या आदेशातून सूट आहे. ती सूट गरजेची होती. प्रत्येक खेळण्यासाठी प्रयोगशाळेचा खर्च छोट्या कारागिराला परवडणारा नाही. तिचा परिणाम असा की हाताने केलेल्या वस्तूची हमी करणाऱ्याच्या शब्दावर उभी राहते.

मापांचे नियम इथे विस्ताराने देत नाही. एवढे सांगतो की युरोपीय मानकात खाटेच्या दोन दांड्यांमधले अंतर ४५ ते ६५ मिलिमीटर ठेवले आहे, जेणेकरून बाळाचे अंग त्यातून सरकून डोके अडकू नये, आणि एक बाजू खाली सरकणाऱ्या खाटांवर अमेरिकेने २०११ साली बंदी घातली. उत्तम लेप दिलेली पण मापात चुकलेली खाट कामाची नाही.

शब्दावर हमी द्यायची तर शब्द लिहून ठेवावेत. पाळण्याच्या तळाला, जिथे बाळाचे तोंड पोचत नाही, तिथे लाकडाची जात, ते कुठून आणले, कोणता लेप, कोणत्या कंपनीचा, किती हात, शेवटचा हात कोणत्या तारखेला, हे पेन्सिलीने लिहा आणि त्यावर चपडीचा एक हात द्या. पुढे तो पाळणा भाचीकडे जाईल तेव्हा तिला विचारत बसावे लागणार नाही. विद्यार्थ्यांसाठी तर अशा नोंदी म्हणजे कच्ची सामग्री आहे. कोकणातल्या चार पावसाळ्यांनंतर चपडीचा थर किती उरतो? शिवणीवर आणि फणसावर तो सारखाच धरतो का? दात येणाऱ्या वयात कठड्याचा नेमका कोणता भाग चावला जातो, आणि तेवढाच भाग लेपाशिवाय, नुसता घासून ठेवला तर चालेल का? ही मोजमापे करायला मोठी यंत्रे लागत नाहीत. गावातला कातारी, जवळचे महाविद्यालय आणि पाळणा असलेली दहा-बारा घरे पुरेशी आहेत.